व्यायामासाठी मोबाइल अ‍ॅप आणि पैशांचे प्रोत्साहन: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटाळा तलावाच्या काठी पहाटे फिरणाऱ्या आमच्या गटात पूर्वी गुडघेदुखी आणि रक्तातील साखर हेच गप्पांचे विषय असत. गेल्या काही वर्षांत त्यात पावलांचे आकडे, अ‍ॅपमधली नाणी आणि विम्याच्या हप्त्यातली सवलत यांची भर पडली आहे. नवीन येणारे सदस्य साधारणपणे जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा सांध्यांचा जुना त्रास असणाऱ्यांनी कोणतेही उद्दिष्ट ठरवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, ही विनंती सुरुवातीलाच करतो.

पैसे मिळणार म्हणून माणूस खरोखर व्यायाम करतो का?

करतो, आणि विशेषतः ज्याने आजवर कधी नियमित व्यायाम केलेला नाही तो करतो. गॅरी चार्नेस आणि उरी ग्नीझी या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर केलेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. महिन्याभरात आठ वेळा व्यायामशाळेत गेल्यास १०० डॉलर मिळतील, असे काही विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. पैसे देणे थांबल्यानंतरही या विद्यार्थ्यांची हजेरी इतरांपेक्षा अधिक राहिली. मात्र हा फरक मुख्यतः पूर्वी न जाणाऱ्यांमध्ये दिसला. जे आधीपासूनच नियमित होते, त्यांच्यावर पैशांचा फारसा परिणाम झाला नाही.

याचे कारण आपल्या सर्वांच्या अनुभवातले आहे. व्यायामाचा त्रास आज पहाटे साडेपाचला होतो आणि त्याचा लाभ दहा-वीस वर्षांनी, तोही न दिसणारा, पदरात पडतो. झालेला आजार दिसतो, टळलेला आजार कोणालाच दिसत नाही. म्हणून ‘उद्यापासून नक्की’ म्हणणारी माणसे आळशी असतात असे मला वाटत नाही. दूरच्या लाभाचा एक लहानसा तुकडा आजच हातात पडला, तर पांघरूण बाजूला सारणे थोडे सोपे होते, आणि पैशांचे प्रोत्साहन तेवढेच काम करते.

दररोज १०,००० पावले चाललीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नसून १९६० च्या दशकात, टोकियो ऑलिंपिकनंतरच्या काळात, जपानमध्ये विक्रीला आलेल्या ‘मानपो-केई’ या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ फारसा वाढत नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पावलांत नाही, मिनिटांत आहे: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. या दुसऱ्या भागाकडे पावले मोजणारी अ‍ॅप्स जवळजवळ दुर्लक्ष करतात. सूर्यनमस्कार, बैठका किंवा डंबेल्स यांचे एकही नाणे अनेक अ‍ॅप्समध्ये मिळत नाही, त्यामुळे लोक तो व्यायाम सोडून देतात, हे मला चिंताजनक वाटते. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तीच वाढते, हे प्रोत्साहनाचे बळही आहे आणि धोकाही.

बक्षीस मिळण्यापेक्षा पैसे गमावण्याची भीती अधिक उपयोगी पडते का?

उपलब्ध पुरावा तसे सांगतो. अमेरिकेतील मितेश पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८१ कर्मचाऱ्यांना दिवसाला ७,००० पावलांचे उद्दिष्ट दिले होते. एका गटाला उद्दिष्ट गाठलेल्या प्रत्येक दिवसासाठी १.४० डॉलर मिळत. दुसऱ्या गटाला सोडतीत भाग घेता येई. तिसऱ्या गटाच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा केले जात आणि उद्दिष्ट चुकलेल्या प्रत्येक दिवसाला त्यातून १.४० डॉलर कापले जात. हिशेब पाहिला तर पहिल्या आणि तिसऱ्या गटाला मिळू शकणारी रक्कम अगदी सारखीच आहे. तरीही काहीच पैसे नसलेल्या गटाने सुमारे ३० टक्के दिवस उद्दिष्ट गाठले, बक्षिसाच्या आणि सोडतीच्या गटांनी सुमारे ३५-३६ टक्के, तर कपातीच्या गटाने ४५ टक्के. हातात आलेले जाते तेव्हा ते न मिळाल्यापेक्षा जास्त बोचते, ही गोष्ट डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडली होती. मात्र याच अभ्यासात पैसे बंद झाल्यावर सर्व गटांतील फरक मावळला, हेही लक्षात ठेवावे.

मग अ‍ॅपशिवाय घरच्या घरी हे करता येईल का?

येईल, आणि मी स्वतः तेच केले. दर महिन्याच्या एक तारखेला बँकेतून दहा रुपयांच्या तीस नोटा आणून मी त्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवत असे. बरणी स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी, सर्वांना दिसेल अशी होती. फोनवर ठरलेली पावले झाली नाहीत, तर रात्री जेवणानंतर पत्नी त्यातली एक नोट काढून शेजारच्या दुसऱ्या बरणीत टाकत असे, आणि त्या दुसऱ्या बरणीवर माझा कोणताही हक्क नव्हता. नोट सरळ करून, घडी घालून, सर्वांसमक्ष दुसऱ्या बरणीत जाताना पाहणे मला दहा रुपयांच्या मानाने फारच जड जाई. पहिल्या महिन्यात अकरा नोटा गेल्या, तिसऱ्या महिन्यात चार.

पुढे मी हाच व्यवहार यूपीआयने करून पाहिला आणि तो महिन्याभरात ढेपाळला. खात्यातून दहा रुपये गेल्याचा संदेश विजेच्या बिलाच्या आणि गॅसच्या संदेशांमध्ये हरवून जातो. पैसा दिसला पाहिजे, आणि तो जाताना घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातून गेला पाहिजे, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

रक्कम किती असावी?

चुकल्यावर वाईट वाटेल, पण घरखर्चाला धक्का लागणार नाही इतकी. आमच्या गटात बहुतेकांनी दिवसाला दहा ते वीस रुपये ठेवले. पाचशे रुपये रोज लावणाऱ्या एका तरुण सदस्याने ताप असतानाही धावायला येण्याचा हट्ट धरला होता. एवढी मोठी रक्कम शरीराचे ऐकू देत नाही.

कोणत्या प्रकारची अ‍ॅप्स उपलब्ध आहेत?

ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात केवळ नोंद ठेवणारी अ‍ॅप्स येतात. केंद्र सरकारच्या फिट इंडिया मोहिमेचे, २९ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेले अ‍ॅप याच प्रकारातले. दुसऱ्या प्रकारात पावलांबद्दल नाणी देऊन त्यांच्या बदल्यात वस्तू किंवा कूपने देणारी अ‍ॅप्स येतात. ब्रिटनमधील स्वेटकॉइन आणि आपल्याकडील स्टेपसेटगो ही त्याची परिचित उदाहरणे. तिसऱ्या प्रकारात आपणच स्वतःशी केलेला करार असतो: ठरवलेले झाले नाही तर आपली रक्कम जाते. येल विद्यापीठातील डीन कार्लन आणि इयन आयर्स यांनी सुरू केलेल्या स्टिक संकेतस्थळावर ही रक्कम आपल्याला न आवडणाऱ्या संस्थेला देण्याचीही सोय आहे. चौथा प्रकार विमा कंपन्यांच्या अ‍ॅप्सचा, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

याशिवाय आभासी बूट विकत घेऊन चालण्याबद्दल क्रिप्टो चलन मिळवून देणारी अ‍ॅप्सही आहेत. त्यांपासून दूर राहावे, असे मी स्पष्ट सांगतो. तेथे आधी आपले पैसे गुंततात, चलनाचा भाव कोसळू शकतो, आणि एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर आपल्याकडे ३० टक्के कर आहे. ते फिरणे उरत नाही, सट्टा होतो.

मी चाललो म्हणून अ‍ॅप कंपनी मला पैसे का देईल?

हा प्रश्न प्रत्येकाने अ‍ॅप उतरवून घेण्याआधी विचारायला हवा. पैसा जाहिरातदारांकडून, कूपन देणाऱ्या दुकानांकडून, सरकारकडून, विमा कंपनीकडून किंवा हरलेल्या सदस्यांकडून येतो. तो जेथून येतो तेथला ओघ आटला की बक्षीसही आटते. कॅनडातील कॅरट रिवॉर्ड्स हे अ‍ॅप सरकारी निधीवर उभे होते, लोकप्रियही होते, आणि निधीअभावी २०१९ च्या जूनमध्ये बंद पडले. अमेरिकेतील पॅक्ट या अ‍ॅपमध्ये व्यायाम चुकवणाऱ्यांचा दंड व्यायाम करणाऱ्यांना वाटला जाई. ठरल्याप्रमाणे व्यायाम करूनही लोकांचे पैसे कापले गेले आणि कमावलेले पैसे दिले गेले नाहीत, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०१७ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले.

माझा स्वतःचा अनुभव लहान आहे, पण त्याच जातीचा आहे. एका अ‍ॅपवर मी जवळजवळ आठ महिने नाणी साठवली. पाण्याच्या बाटलीसाठी पुरेशी नाणी झाली त्याच आठवड्यात बाटलीची किंमत दुप्पट झाली, आणि उरलेली कूपने वापरायला आधी हजार रुपयांची खरेदी करावी लागणार होती. मला बाटलीचे दुःख नव्हते. दुःख याचे होते की, त्यानंतरचे दोन आठवडे मी फिरायलाच गेलो नाही. परक्याच्या बक्षिसावर आपली सवय टेकवली की ती त्याच्याबरोबर पडते.

सदस्यांनी पैसे जमा करून जिंकणाऱ्यांनी वाटून घेणारी अ‍ॅप्स कशी?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आहे. कोणी हरले तरच मला मिळणार, अशा रचनेत आमचा गट पडत नाही आणि इतरांनीही पडू नये असे वाटते. शेजाऱ्याचा पाय मुरगळल्यावर मनात आनंद डोकावणार असेल, तर असे फिरणे काय कामाचे?

आरोग्य विम्याच्या हप्त्यात खरोखर सवलत मिळते का?

काही पॉलिसींमध्ये मिळते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये आरोग्यसंवर्धनाच्या योजनांबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि पावलांच्या किंवा व्यायामाच्या दिवसांच्या नोंदीवर नूतनीकरणाच्या हप्त्यात सूट किंवा गुण देणाऱ्या योजना बाजारात आहेत. अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात. महिन्यात किती दिवस लागतात, आरोग्य तपासणी आवश्यक आहे का, कुटुंबाच्या पॉलिसीत प्रत्येक सदस्याची नोंद लागते का, हे एजंटच्या तोंडून न ऐकता पॉलिसीच्या कागदात वाचावे. केवळ सवलतीसाठी पॉलिसी निवडू नये. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आल्यावर विमा किती पुरतो, हा प्रश्न पावलांच्या आधीचा आहे.

मे महिन्यात आणि पावसाळ्यात खाडे होतात. सलग दिवसांची साखळी तुटली की मन मोडते. काय करावे?

नागपूरकरांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि बहुतेक अ‍ॅप्स तो विचारातच घेत नाहीत. पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, रात्रभर कूलर चालूनही भिंती तापलेल्या असताना, ‘आज तुमची १,२०० पावले बाकी आहेत’ असा संदेश संध्याकाळी पाचला येतो, आणि साखळी तुटू नये म्हणून लोक त्या उन्हात बाहेर पडतात. कृपया पडू नका. मेमध्ये आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. सेमिनरी हिल्सची झाडी असो की अंबाझरीचा काठ, साडेसहापर्यंत घरी परतण्याच्या बेताने निघावे, निघण्यापूर्वी पाणी प्यावे, आणि डोके जड होणे, मळमळणे किंवा पेटके येणे जाणवले तर आकडा विसरून सावली गाठावी. नवतपाच्या नऊ दिवसांत आमचा गट पावलांचे उद्दिष्ट पूर्णपणे बाजूला ठेवतो आणि घरातच पंख्याखाली वीस मिनिटांचे सूर्यनमस्कार किंवा बैठका हजेरीत धरतो.

पावसाळ्याचेही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून आजूबाजूच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा आमच्यातले निम्मे लोक घरातला चिखल उपसत होते. त्या आठवड्यात गटाच्या हजेरीच्या वहीत कोणाचा खाडा मांडायचा?

साखळीविषयी दोन गोष्टी संशोधनातून ठाऊक आहेत आणि त्या धीर देणाऱ्या आहेत. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधील अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण व्यक्तीव्यक्तीत हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगळा होता, आणि मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही. दुसरी गोष्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांच्या प्रचंड अभ्यासातली. अमेरिकेतील एका व्यायामशाळा साखळीच्या ६१,००० हून अधिक सभासदांवर चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे कार्यक्रम एकाच वेळी करून पाहण्यात आले. त्यात सर्वांत वर आलेल्या कार्यक्रमात खाडा झाल्यानंतर पुन्हा येणाऱ्याला काही सेंटचे किरकोळ जादा बक्षीस होते. मोठे बक्षीस अखंड साखळीला न देता परतून येणाऱ्या माणसाला लहानसे काही द्यावे, हे मला यातून शिकायला मिळाले.

म्हणून आमच्या वहीत आता साखळी मोजली जात नाही. आठवड्यातले पाच दिवस मोजतो, दोन दिवस मोकळे. आणि खाड्यानंतर परत आलेल्याचा त्या दिवशीचा तर्री-पोह्यांचा खर्च गटाच्या डब्यातून होतो.

फोन पावले बरोबर मोजतो का?

बहुतेक फोन आतल्या हालचाल-संवेदकाच्या आधारे पावलांचा अंदाज बांधतात. फोन पँटच्या खिशात असेल तर अंदाज बरा येतो. पर्समध्ये, गाडीच्या डिकीत किंवा घरी चार्जिंगला राहिला तर अर्थातच चुकतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवतानाही काही पावले वाढू शकतात. अ‍ॅपला ‘शारीरिक हालचाल’ ही परवानगी दिलेली आहे आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने अ‍ॅप मागच्या मागे बंद होत नाही, एवढे तपासावे. ‘काल पाच हजार चाललो आणि दाखवली आठशे’ या तक्रारीचे कारण बहुधा तेथे सापडते. आकडा तंतोतंत नसला तरी कालच्या स्वतःशी तुलना करायला पुरतो.

पैशांमुळे चालण्याची मूळ आवडच मरणार नाही का?

ही शंका निराधार नाही. आवडीने केल्या जाणाऱ्या कामाला मोबदला जोडला की मोबदला थांबल्यावर आवड घटू शकते, हे एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९७३ मध्ये लहान मुलांच्या चित्रकलेवरील प्रयोगातही तसेच दिसले. मी यातून काढलेला व्यवहारी अर्थ असा की, ज्याला चालणे आधीच आवडते त्याला पैसे देऊ नयेत. आमच्या गटातील एक काकू सत्तरी ओलांडल्या असूनही रोज पहाटे केवळ पाण्यावरचे पक्षी पाहायला येतात. त्यांना अ‍ॅप शिकवण्याचा आग्रह मी एकदा धरला होता. आता मी तो चुकीचा होता असे मानतो. मुलांच्या बाबतीतही हेच: जे मूल रेशीमबागेच्या मैदानावर आपणहून खेळायला पळते, त्याच्या खेळाला रुपयांचा भाव लावू नये.

गटाने मिळून हे कसे करावे?

भिशी चालवणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. आमची पद्धत सांगतो. तिमाहीच्या सुरुवातीला प्रत्येकजण तीनशे रुपये अनामत देतो. ती सदस्यांपैकी एकाकडे, स्टीलच्या डब्यात, नावानिशी पाकिटांत राहते. आठवड्यात पाच दिवस झाले नाहीत तर त्या पाकिटातून वीस रुपये सामायिक पाकिटात जातात. सामायिक रकमेतून पोहे, कधी एखाद्याचे बूट. तिमाही संपली की उरलेली अनामत ज्याची त्याला परत. कोणीही दुसऱ्याच्या नुकसानीवर कमावत नाही.

त्यातही चौघाचौघांचे लहान गट केले आहेत, कारण बारा जणांत एक कोण आला नाही ते कळत नाही, चौघांत लगेच कळते. पटेल यांच्याच २०१६ मधील दुसऱ्या एका अभ्यासात चौघांचे संघ होते, आणि स्वतःच्या कामगिरीबरोबर सोबत्यांच्या कामगिरीवरही पैसे मिळणाऱ्या संघांची कामगिरी सर्वांत चांगली राहिली. ‘तुम्ही आज दिसला नाहीत’ हा चौथ्याचा फोन वीस रुपयांपेक्षा मोठा असतो, हे आम्हाला तो अभ्यास वाचण्याआधीच ठाऊक होते.

माझी माहिती कोठे जाते?

पावलांसोबत अनेकदा आपले ठिकाण, झोपेच्या वेळा आणि वजनही जाते. फक्त पावले मोजण्यासाठी ठिकाणाची परवानगी लागत नाही. ती नाकारून पाहावी. आपण रोज किती वाजता घराबाहेर असतो, हे दाखवणारा नकाशा सार्वजनिक ठेवू नये, विशेषतः एकट्या फिरणाऱ्या स्त्रियांनी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आहे, पण परवानगीचे बटण आपल्याच बोटाखाली असते.

पैसे कधी बंद करावेत?

एकदम बंद करू नयेत. आम्ही पहिल्या तिमाहीत रोजचा हिशेब ठेवतो, दुसऱ्या तिमाहीत आठवड्याचा, तिसऱ्यात अनामत निम्मी करतो. ज्याला हिशेब लिहायचे आठवत नाही पण फिरायला यायचे आठवते, त्याचे पाकीट परत देतो आणि वहीत त्याच्या नावापुढे तारीख घालतो. आजपर्यंत अशा सात तारखा वहीत पडल्या आहेत. त्यांतील दोघे पुन्हा पाकीट ठेवायला आले, आणि ते आम्ही काही न विचारता ठेवून घेतले.